नव्वद फुटांची चोरी

(दृश्य : रात्रीचं फेनवे पार्क, बॉस्टनचं बेसबॉल मैदान. प्रेक्षकांनी डोक्याला हात लावलेत.)

१६ ऑक्टोबर २००४. बॉस्टन. फेनवे पार्कमधून माणसं मुकाट्यानं बाहेर पडतायत. फलकावर आकडे आहेत १९-८. घरच्या मैदानावर रेड सॉक्सना एवढा मार, आणि तोही न्यू यॉर्क यांकीजकडून! उपांत्य फेरीच्या सात सामन्यांच्या मालिकेत यांकीज ३-० पुढे. आणखी एक जिंकला की विषय संपला. ०-३ वरून मालिका फिरवणं मेजर लीग बेसबॉलमध्ये तोवर कुणालाही जमलेलं नव्हतं.

बॉस्टनकरांना याची सवयच होती म्हणा. त्यांच्या रेड सॉक्सनं शेवटची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम लढत, जिंकली १९१८ साली. मग बेब रूथसारखा हिरा त्यांनी याच यांकीजना विकून टाकला, आणि तेव्हापासून संघाला शाप लागला असं लोक म्हणत. आपली साडेसाती निदान साडेसात वर्षांत तरी सुटते. ही ८६ वर्षं मानगुटीवर बसली होती.

(दृश्य : मैदानाच्या मधोमध, मातीच्या उंचवट्यावर मरियानो रिवेरा.)

१७ ऑक्टोबर. चौथा सामना, नववी म्हणजे शेवटची इनिंग. बॉस्टन ३-४ नं मागे. चेंडू रिवेराच्या हातात. सामना शेवटाला आला की यांकीज त्याला बोलवायचे आणि निर्धास्त व्हायचे.

पण केविन मिलारला त्यानं चार चेंडू बाहेर टाकले आणि मिलार आयता पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला. (चार बेस फिरून आलं की एक धाव.) मिलारचं पळणं यथातथाच. म्हणून मॅनेजर टेरी फ्रँकोनानं त्याच्या जागी बदली रनर धाडला, डेव्ह रॉबर्ट्स. जुलैअखेरीस दुसऱ्या संघाकडून आणलेला गडी. फ्रँकोनानं त्याला नुसता डोळा मारला. सांगायचं काय होतं? हा आता बेस चोरणार, हे पस्तीसेक हजार प्रेक्षकांना कळत होतं. रिवेरालाही.

चोरी म्हणजे काय, तर चेंडू टाकायला पिचरचा हात हलला रे हलला की पुढच्या बेसकडे सुटायचं. अंतर ९० फूट, म्हणजे क्रिकेटची अख्खी खेळपट्टी आणि वर २४ फूट. फलंदाजामागे बसलेल्या कॅचरचा थ्रो आधी पोचला आणि चेंडू अंगाला लागला, तर बाद. त्या रात्री बाद म्हणजे घरी जायची तयारी.

(आवाज : गलका हळूहळू दबतो.)

रिवेरा वळून पहिल्या बेसकडे फेकतो. रॉबर्ट्स परत. पुन्हा फेक. पुन्हा परत. तिसरी फेक... थोडक्यात वाचला.

आता रिवेरा फलंदाजाकडे टाकतो, आणि रॉबर्ट्स सुटतो. कॅचर पोसाडाचा थ्रो उत्तम. दुसऱ्या बेसवर जीटर चेंडू झेलून हातमोजा खाली आणतो, पण रॉबर्ट्सनं सूर मारून बेसला हात टेकवलेला आहे. पंचाचे हात आडवे पसरतात. सेफ!

थोड्याच वेळात फलंदाजानं चेंडू मधून काढला आणि रॉबर्ट्स धावत घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर आला. ४-४. बरोबरी, म्हणून खेळ नऊ इनिंगच्या पुढे गेला.

(दृश्य : डेव्हिड ऑर्टिझ, बॅट खांद्यावर.)

बाराव्या इनिंगमध्ये ऑर्टिझचा होमरन, आणि सामना बॉस्टनचा. घड्याळात रात्रीचा एक वाजून बावीस मिनिटं. त्याच दिवशी संध्याकाळी पाचवा सामना. तो १४ इनिंग, ५ तास ४९ मिनिटं चालला, आणि संपवला पुन्हा ऑर्टिझनंच.

सहाव्यात बॉस्टनचा पिचर कर्ट शिलिंग उतरला तो शिवलेल्या घोट्यानं. घोट्यातला स्नायुबंध जागेवर राहत नव्हता, म्हणून डॉक्टरांनी कातडी आतल्या भागाला टाके घालून शिवली. आधी हा प्रयोग त्यांनी एका मृतदेहावर करून पाहिला होता. मोज्यावर रक्त पाझरत होतं. शिलिंगनं सात इनिंगमध्ये एकच धाव दिली आणि बॉस्टननं बरोबरी साधली, ३-३. रेड सॉक्स म्हणजे लाल मोजे. आता याला काय म्हणावं!

सातवा सामना यांकीजच्याच अंगणात, बॉस्टननं जिंकला १०-३. आठवड्याभरात सेंट लुईस कार्डिनल्सना ४-० नं धुवून वर्ल्ड सिरीजही बॉस्टनला आली.

त्या रक्ताळलेल्या मोज्याचं कौतुक फार झालं. मला विचाराल तर मालिका फिरली ती त्या ९० फुटांत.

(दृश्य : विजयाची मिरवणूक.)

यांकीजविरुद्धच्या त्या अख्ख्या मालिकेत रॉबर्ट्सला बॅटिंग एकदाही मिळाली नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये तो मैदानात उतरलाच नाही. आणि डिसेंबरात बॉस्टननं त्याला सॅन डिएगोला देऊन टाकलं.