मृतांच्या राज्यातील वारसाहक्क

श्रोतेहो, मृत्युदेवाला कुलदैवत मानणारा आणि मेलेल्यांना उठवून पुन्हा कामाला लावणारा समाज कथेत उभा करायचा असेल, तर त्याचा पाया कशावर घालावा, हे मला आज मांडायचे आहे. आपले तरुण लेखक अशा कथांत कवट्या, धुके आणि काळे झगे आणतात. माझे म्हणणे असे, की त्या समाजाचा खरा पेच वारसाहक्काचा आहे.

ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांना हे लगेच पटेल. आमच्या पहाणी उताऱ्यावर, म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्यावर, आजोबा गेल्यानंतरही कित्येक वर्षे त्यांचेच नाव होते. मृत्यूचा दाखला, वंशावळ, भावाबहिणींची संमती असे सगळे जोडून वडील वारसा लावण्यासाठी खेटे घालत राहिले. कागद कन्नडात आणि वडिलांचे शिक्षण मराठीत, त्यामुळे प्रत्येक वेळी वाचून दाखवणारा शोधावा लागे. एकदा वंशावळीत आत्याचे नाव माहेरच्या आडनावाने पडले, म्हणून सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. तोवर पीककर्जही मिळेना, कारण कर्ज मिळते ते उताऱ्यावर नाव असलेल्याला. शिवारात राबत होते वडील, कागदावर मालक होते आजोबा. वडिलांची ती तगमग मी जवळून पाहिली आहे, आणि म्हणूनच मृतांच्या समाजाचा विचार करताना मला स्मशानाआधी जमीन आठवते.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या इंका राजांनी तर हीच राज्याची रीत केली होती. दिवंगत सम्राटाचा देह जतन केला जाई. त्याचा वाडा, जमिनी आणि चाकर त्याच्याच नावे राहत. वंशज ती मालमत्ता सांभाळत आणि उत्सवात त्याला चौकात बसवून अन्न व मद्य अर्पण करत. नव्या राजाला गादी मिळे, संपत्ती मात्र त्याला स्वतः मिळवावी लागे. १५५९ साली स्पॅनिश अधिकाऱ्यांनी माग काढून असे देह जप्त केले.

अध्यक्षांची वेळेची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य मुद्दे भराभर सांगतो.

मृत्युदेवाला क्रूर करण्याची घाई करू नका. आपला यम धर्मराज आहे, चित्रगुप्त त्याचे हिशेब ठेवतो, दारात तीन रात्री उपाशी राहिलेल्या नचिकेताला तो तीन वर देतो, आणि धनत्रयोदशीला आपण त्याच्यासाठी दक्षिणेकडे वात करून दिवा लावतो. अशा देवाचे देऊळ हेच त्या समाजाचे न्यायालय असेल. मृताची संमती कोणी सांगायची आणि त्याच्या श्रमाचा मोबदला कोणी घ्यायचा, याचे निवाडे तिथेच होतील.

आपल्या गावोगावच्या देवळांपाशी असलेले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा, पाहा: खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. पडलेल्या वीराच्या कुटुंबाला जमीन दिल्याच्या नोंदी कर्नाटकातील शिलालेखांत सापडतात. जिथे तोच वीर दुसऱ्या दिवशी उठून लढायला जातो, तिथे त्या कुटुंबाला जमीन मिळेल का?

शेवटचा मुद्दा विद्येचा. असुरांचे सारे बळ एकट्या शुक्राचार्यांच्या संजीवनीवर उभे होते, म्हणून देवांनी कचाला त्यांच्याकडे शिष्य म्हणून पाठवले. तुमच्या कथेत ही विद्या कोणत्या घराण्याकडे आहे आणि ती शिकायला कोणाला बंदी आहे, हे पहिले प्रकरण लिहिण्यापूर्वी ठरवा.