बिडाचा ब्लॉक किती सोसतो?

(कोल्हापुरात गॅरेजवाले आणि मेकॅनिकलचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

हा तुकडा पहिल्या रांगेतून मागे जाऊ द्या. तुटलेली बाजू वर करून उजेडात बघा. एका कडेला बोटभर भाग काळा, तेलकट दिसेल. बाकीचा राखाडी, रवाळ, ताजा. काळा भाग ही जुनी चीर. तिच्यात कित्येक महिने तेल झिरपत होतं. राखाडी भाग मात्र एका क्षणात तुटला. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या ब्लॉकमधली, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात त्या बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) सांगाड्यातली, ही मेन बेअरिंगची भिंत आहे. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, हिच्यात टेकतो. जास्त ताकद निघावी म्हणून त्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप मी स्वतः वाढवून दिला होता. दोन हंगाम तो दोन ट्रॉल्या घेऊन चढ चढला, तिसऱ्या हंगामात ब्लॉक फुटला. तेव्हापासून ‘मूळ ब्लॉकवर किती हॉर्सपॉवर निघेल?’ असं कुणी विचारलं, की आकड्याच्या आधी मी हा तुकडा हातात देतो.

आज बोलायचंय ते अमेरिकेतल्या एका इंजिनाबद्दल, कारण त्याचा ब्लॉक कुठे आणि कसा तुटतो हे इंजिन बांधणाऱ्यांनी इतक्या वेळा पाहिलंय की त्यात आता गूढ उरलेलं नाही. फोर्डचा ३०२, म्हणजे मस्टँग मोटारीतला पाच लिटरचा व्ही-८, दोन तिरक्या रांगांत चार-चार सिलिंडर. त्याचं मूळ १९६२ च्या फेअरलेन मोटारीत आहे. तेव्हा हे इंजिन २२१ घनइंचाचं होतं, जेमतेम ३.६ लिटरचं. वजन कमी ठेवायचं म्हणून फोर्डने पातळ भिंतींचं ओतकाम केलं. फौंड्रीत काम केलेल्यांना कळेल ते किती अवघड आहे. वाळूचा कोअर, म्हणजे ओतताना आतली पोकळी राखणारा साचा, मिलिमीटरभर सरकला, की सिलिंडरची एक बाजू जाड आणि दुसरी पातळ. ते काम त्यांनी उत्तम केलं. पुढे तोच ब्लॉक २६०, २८९ आणि १९६८ मध्ये ३०२ घनइंचापर्यंत वाढवला. १९८७ च्या मस्टँगमध्ये तो २२५ हॉर्सपॉवर द्यायचा, आणि तेवढ्यावर वर्षानुवर्षं निमूट चालायचा.

मग लोकांनी त्यावर सुपरचार्जर आणि टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारी यंत्रं, बसवले. ५०० हॉर्सपॉवरच्या आसपास ब्लॉक उभा चिरायला लागला. सिलिंडरच्या दोन रांगांमध्ये व्हॉल्व्ह उचलणारे लिफ्टर बसतात ती दरी असते. चीर तिथून निघते, कॅमच्या, म्हणजे ते लिफ्टर हलवणाऱ्या दांड्याच्या, भोकातून खाली मेन बेअरिंगच्या भिंतीत उतरते, आणि ब्लॉकचे अक्षरशः दोन भाग होतात. डावी रांग एकीकडे, उजवी दुसरीकडे.

असं का होतं? एका धक्क्याचा हिशोब मांडू. ३०२ चं बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, १०१.६ मिलिमीटर, म्हणजे पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ सुमारे ८१ चौरस सेंटिमीटर. सिलिंडरमध्ये १०० बार दाब झाला तर त्या माथ्यावर आठ टनांहून जास्त भार येतो. तोच भार वर हेडला, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाला, उचलू बघतो आणि खाली क्रँकला ढकलतो. क्रँक धरून ठेवतात मेन कॅप, म्हणजे मेन बेअरिंगची खालची झाकणं, तेही प्रत्येकी फक्त दोन बोल्टवर. व्ही इंजिनात हा भार सरळ खाली येत नाही. एकदा डावीकडून तिरका, एकदा उजवीकडून. कॅप आपल्या जागेवर बारीकशी हलते, भिंत पिळवटते. आणि ही भिंत नेमकी जिथे सगळ्यात जाड हवी, तिथेच तिच्या वर कॅमचं भोक पाडलेलं आहे.

बिडाचा स्वभाव तुम्हाला सांगायला नको. दाबलं तर ते डोंगरासारखं उभं राहतं, ताणलं तर हार मानतं. आत ग्राफाइटचे पापुद्रे असतात. ताण आला की प्रत्येक पापुद्रा म्हणजे चीर पडायला तयार जागा. पोलाद आधी वाकून सूचना देतं. बीड वाकत नाही.

आता हॉर्सपॉवर या शब्दाकडे येतो, कारण सगळा घोळ तिथे आहे. ५०० हॉर्सपॉवर ६५०० आरपीएमला (मिनिटाला इतक्या फेऱ्यांना) काढले तर टॉर्क, म्हणजे क्रँक फिरवणारा पीळ, ५४८ न्यूटन-मीटर लागतो. तेवढेच ४००० आरपीएमला काढले तर ८९० लागतो. कागदावर आकडा एकच, पण दुसऱ्या इंजिनात प्रत्येक धक्का दीडपटीहून मोठा. छोटा टर्बो लावून खालच्या आरपीएमलाच भरपूर बूस्ट (जादा हवेचा दाब) देणारी माणसं ब्लॉक लवकर फोडतात, ते यामुळे. उलट आरपीएम वाढवत नेले तर मार रॉडवर, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यावर, आणि बोल्टवर पडतो. अर्धा किलोचा पिस्टन ३०२ मध्ये ६००० ला जवळजवळ एक टनाने रॉड ओढतो, ७५०० ला दीड टनाने. आणि नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी भडकणं, सुरू झालं तर हे सगळे हिशोब बाजूला ठेवा. तेव्हा दाबाचा जो टोला बसतो तो हातोड्याचाच. माझ्या मते ब्लॉक फुटण्याचा दोष जितक्या वेळा हॉर्सपॉवरला दिला जातो, त्यातल्या बऱ्याच वेळा खरं कारण ठिणगीचं चुकीचं टायमिंग आणि हलकं पेट्रोल असतं.

दुसरा प्रश्न, किती वेळ? ६००० आरपीएमला एक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा पेटतो. ड्रॅग शर्यतीची १२ सेकंदांची एक दौड म्हणजे ३०० धक्के. हेच इंजिन सर्किटवर तासभर पळवलं तर ९०,०००. म्हणून ‘माझा ३०२ सहाशे हॉर्सपॉवरवर टिकलाय’ असं कुणी सांगितलं तर ते खोटं नसतं. तो किती दौडी धावलाय, एवढंच विचारायचं. या तुकड्यावरची काळी बाजू दोन हंगामांत वाढत गेली. ट्रॅक्टरला त्या काळात काहीही झालेलं नव्हतं.

याच्या समोर टोयोटाचा टू-जेझेड, हेही इंजिनच, ठेवा. तीन लिटर, सहा सिलिंडर एका ओळीत, बोअर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) दोन्ही ८६ मिलिमीटर. टर्बोवाला १९९१ मध्ये ॲरिस्टो मोटारीत आला, मग सुप्रामध्ये. जपानमध्ये २८० हॉर्सपॉवर, बाहेर ३२०. ब्लॉक बिडाचाच, पण क्रँकच्या प्रत्येक वळणाच्या दोन्ही बाजूंना बेअरिंग, एकूण सात. सिलिंडरच्या माथ्याशी ब्लॉक बंद, त्यामुळे नळकांडी हलत नाहीत. दोन रांगाच नाहीत, तर दुभंगणार काय? याच ब्लॉकवर लोक हजाराच्या वर जातात. मात्र तिथेही नीट ऐका. ब्लॉक मूळचा, पण आतले पिस्टन आणि रॉड बदललेले. मूळ ब्लॉक आणि मूळ इंजिन यात गल्लत केली की खिसा रिकामा होतो.

फौंड्रीवाल्यांसाठी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८३ साली नेल्सन पिके ब्रॅभममधून फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. त्याच्या बीएमडब्ल्यू इंजिनाचा दीड लिटरचा ब्लॉक मुळात १९६० च्या दशकातल्या ८० हॉर्सपॉवरच्या घरगुती मोटारीचा. बीएमडब्ल्यूचे इंजिन अभियंते पॉल रोशे यांच्या माणसांनी त्यासाठी रस्त्यावर चालून मुरलेले ब्लॉक निवडले, कारण ओतताना आत राहिलेला ताण तापून-थंड होऊन निघून गेलेला असतो. आपल्याकडे लेथचे बेड महिनोन्महिने अंगणात ऊनपावसात ठेवायचे, तेच शास्त्र. पात्रता फेरीत ते इंजिन हजाराच्या वर जायचं. पण तेवढ्या बूस्टवर त्याला मोजक्याच फेऱ्या काढायच्या असत.

कुणीतरी मघाशी चिठ्ठी पाठवलीय, ‘३०२ च्या मेन कॅप खालून एका जाड पट्ट्याने एकत्र बांधल्या तर?’ कॅप कमी हलतील, हे खरं. पण चीर वरून, कॅमच्या बाजूने येते. तिथे पट्टा पोहोचत नाही. त्या पैशांत आधी सिलिंडरच्या भिंतींची जाडी अल्ट्रासॉनिकने मोजून घ्या, चुंबकीय तपासणीने चिरा शोधा, होनिंग करताना, म्हणजे सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करताना, हेडच्या जागी जाड प्लेट कसून लावा. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी मी साध्या ३०२ वर ४०० ला थांबेन. ५०० खरोखरच हवे असतील तर फोर्डचाच शर्यतीसाठी ओतलेला जाड ब्लॉक घ्या.

आणि ट्रॅक्टरचा पंप कंपनीने जिथे सील केला असेल तिथेच राहू द्या. माझ्यामुळे त्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर ऐन हंगामात सतरा दिवस शेडमध्ये उभा होता, आणि तोडलेला ऊस बांधावर वाळत होता.