काळा समुद्र कागदावर

मंडळी, ज्या गावाला पांढरा समुद्र आहे आणि काळा समुद्रही आहे, त्या रत्नागिरीत फोटोतल्या छटांवर बोलायचं म्हणजे अर्धं व्याख्यान तुमच्या वाळूनंच देऊन ठेवलंय. काळ्या समुद्राची, म्हणजे मांडवीच्या किनाऱ्याची वाळू नुसती काळी नाही. इल्मेनाइट या काळ्या खनिजाचे कण उन्हात कसे चमकतात, ते तुम्ही लहानपणापासून पाहिलंय. ती चमक कागदावर उतरत नाही, हे माझं जुनं दुखणं.

ते सुरू झालं आजीच्या फोटोपासून. गौरी आल्या होत्या. माजघरात समईचा उजेड, आजी काळी चंद्रकळा नेसून देव्हाऱ्यापाशी बसलेली. स्क्रीनवर निरी न् निरी दिसत होती. प्रिंट आली, तर लुगडं, देव्हारा, मागची भिंत सगळं एकच काळं, आणि त्यात आजीचा चेहरा नि दोन हात तरंगतायत. आजी म्हणाली, "माझा लुगडा खंय गेला रे?" (आमचं आजोळ मालवणाकडचं.) दुकानदार म्हणाला, फाईलच तशी आहे. परत पाठवली, तर त्यानं आपोआप सुधारणा करणारं बटण दाबलं आणि समईच्या जागी भर दुपार झाली! तिसऱ्यांदाही तेच. तिन्ही वेळा कागद कुठला वापरला, हे त्यानं सांगितलं नाही, आणि मलाही ते विचारायला हवं हे ठाऊक नव्हतं. त्याचा राग मला आजही येतो, कारण आजीला ती चंद्रकळा तिच्या आईनं दिली होती.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवलंय, तेव्हा मुद्द्याचं भरभर सांगतो.

स्क्रीन स्वतः उजेड देते. तिच्यावर पांढऱ्या-काळ्यातलं अंतर सहज 1000 पट असतं. कागद दुसऱ्याचा उजेड परत करतो. चकचकीत कागदावर ते अंतर साधारण 200 पट, मॅटवर 50 च्या आसपास. शिवाय छापखान्यात शाईचा ठिपका पसरतो आणि मधल्या छटा आणखी गडद होतात. फाईलमध्ये छटा 0 ते 255 अशा मोजतात, 0 म्हणजे पूर्ण काळं, 255 म्हणजे पूर्ण पांढरं. म्हणून त्यातल्या तळाच्या छटा कागदावर एकमेकींत बुडतात.

उपाय साधा. काळ्या पट्टीवर 5, 10, 15 असे 40 पर्यंत चौकोन करा आणि तुमच्याच दुकानात, तुमच्याच कागदावर छापून घ्या. पहिला वेगळा दिसणारा चौकोन हा तुमचा तळ. लुगड्याच्या निऱ्या, ओली वाळू, जे दिसायला हवं ते कर्व्हनं (फोटोच्या सॉफ्टवेअरमधली छटा उजळ-गडद करायची रेषा) त्याच्या वर आणा. जिथं काही दाखवायचं नाही, ते खुशाल 0 राहू द्या, नाहीतर फोटो राखाडी होतो. दुसरं टोक लाटेचा फेस. 255 म्हणजे शाईच नाही, कोरा कागद. फेस 245 च्या आत ठेवा. आणि स्क्रीनचा उजेड कमी करून काम करा. झगझगीत स्क्रीनवर बरा दिसणारा फोटो छापून काळाच येतो.

आजीची ती पहिली काळी प्रिंट आणि या उपायानं काढलेली नवी प्रिंट, दोन्ही मागच्या टेबलावर आहेत. इथं ट्यूबखाली बघू नका, पडवीत न्या. आपल्या जांभ्याच्या घरांत तेवढाच उजेड असतो. नव्या प्रिंटमध्ये चंद्रकळेचा तांबडा काठ पदरापासून पायापर्यंत सापडतो.