मॉरिशसच्या ताटातली जहाजं

मंडळी, मॉरिशसच्या खाण्यापिण्याबद्दल बोलण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. या बेटावर मूळचे रहिवासी म्हणून कुणी नव्हतेच. १६३८ साली डच वस्तीला आले तेव्हा तिथे डोडो होते, मोठाली कासवं होती, पण माणूस नव्हता. त्यामुळे ‘हा आमचा अस्सल, जुना पदार्थ’ असं तिथे कुणी म्हणालं, तर ‘कुठल्या जहाजातून आला?’ एवढंच विचारायचं.

डचांनी जावाहून ऊस आणला, हरणं आणली. डच १७१० मध्ये बेट सोडून गेले, ऊस आणि हरणं राहिली. हरणाच्या मटणाचा रस्सा आजही तिथे आवडीने खातात. मग फ्रेंच आले. त्यांचा गव्हर्नर माहे द ला बूर्दोने याने गुलामांना स्वस्तात पोसायचं म्हणून कसावा लावला. ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, तोच हा. आपण तो उपवासाला खातो आणि तिथे तो सक्तीच्या मजुरांच्या तोंडी आला. एकाच कंदाच्या दोन तऱ्हा! माएबूर गावात १८७० पासून या कसाव्याची बिस्किटं करणारा एक कारखाना आहे. चव साधीच. चहाबरोबर चालतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, ती म्हणजे डाळपुरी. फ्रेंचांनंतर बेट इंग्रजांच्या हाती गेलं आणि १८३४ पासून त्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात केली. पुढच्या सात-आठ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं राजधानी पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात. मजुरीबरोबर शिधा मिळायचा: तांदूळ, डाळ, मीठ, असंच काही. यातले बहुतेक जण कलकत्त्याहून निघालेले बिहारी, भोजपुरी लोक. त्यांच्या घरची डाळ भरलेली पोळी आज साऱ्या बेटाची झाली आहे.

ती करतात कशी, ते नीट ऐका, कारण इथे बसलेल्या निम्म्या लोकांचे हात शिवशिवतील. हरभऱ्याची डाळ हळद घालून शिजवायची, पण बोटचेपी. गाळ होऊ द्यायचा नाही. मग पाणी पूर्ण निथळायचं आणि डाळ कोरडी वाटायची, अगदी भुरभुरीत. त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ. निथळलेलं पिवळं पाणी फेकायचं नाही, त्यातच मैदा भिजवायचा. उंड्यात सारण भरून पातळ लाटायची आणि तव्यावर तेलाचा हात फिरवून भाजायची. म्हणजे पुरणपोळीच, फक्त गूळ तेवढा वाटेत राहिला! सारण ओलं राहिलं की पुरी लाटताना फुटते, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि नाव पुरी असलं तरी ती तळत नाहीत.

रस्त्यावर ती जोडीनेच विकतात. एकावर एक दोन पुऱ्या, वर मोठ्या पांढऱ्या वालांचा रस्सा, टोमॅटोची चटणी, कोथिंबिरीची चटणी, हवी तर ठेचलेली मिरची. गुंडाळी करून कागदात हातात देतात. विकणारा हिंदू असो, मुसलमान असो, घेणारा क्रिओल, म्हणजे आफ्रिकी गुलामांचा वंशज, असो की चिनी, त्यावरून कुणी काही विचारत नाही. माझ्या मते राष्ट्रीय पदार्थ ठरवायची हीच खरी पद्धत आहे. सरकारी ठरावाने असले पदार्थ ठरत नाहीत.

मग आपली माणसं कुठे होती? होती. कोकणातले मजूर मुंबईहून गेले, पण कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने फार थोडे. मराठी मंडळींनी गणपती टिकवला, इतका की गणेश चतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते. पण भाकरी काही रस्त्यावरच्या गाड्यांवर पोहोचली नाही. तमिळांचं मात्र केळीच्या पानावरचं जेवण, भातासोबत सात भाज्यांचं, लग्नकार्यात अजून तोऱ्यात वाढलं जातं.

गोव्याच्या लोकांसाठी एक गंमत. तिथे ‘विंदाय’ म्हणून मासळीचा प्रकार आहे. तळलेले तुकडे, भरडलेली मोहरी, हळद, लसूण, छोटे कांदे, हिरवी मिरची आणि व्हिनेगर. विंदालूचा भाऊबंदच, दोघांचं मूळ पोर्तुगीज. फक्त हा पिवळाधमक, आणि दोन दिवसांनी जास्त चांगला लागतो. कालवांची वाट बघू नका, माशाऐवजी घालतात ते ऑक्टोपस.

चिनी लोकांनी गावोगावी किराणा दुकानं टाकली. उसाच्या मळ्यावरचा पगार होईपर्यंत ती वहीवर उधार द्यायची. त्यांच्या तळलेल्या शेवया, म्हणजे ‘मीन फ्री’, आता घरोघरी होतात.

पिण्याचं विचारताय ना? मघापासून मागच्या रांगेत कुजबुज चालली आहे. ऊस आहे तिथे रम असणारच. घरोघरी बरणीत फळं, व्हॅनिला घालून मुरवत ठेवतात. चहा बोआ शेरीच्या मळ्यांचा, बहुतेकदा व्हॅनिला घातलेला. आलंवाल्यांना पहिला घोट जड जाईल. पण उन्हात पोर्ट लुईच्या मंडईत शिरलात तर ‘आलुदा’ प्या. थंड दूध, भिजवलेला सब्जा, अगर-अगरचा, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीचा, कीस आणि सरबताचा रंग. आपल्या फालुद्याचाच वंशज, शेवया तेवढ्या गळाल्या. शेवटचा सब्जा पेल्याच्या तळाशी चिकटतो, तेव्हा चमचा आधीच मागून घ्या.