किल्ल्याच्या भिंतीबाहेर
(दृश्य: कोर्ट नाक्याकडची सकाळची वर्दळ. मागे कारागृहाची दगडी भिंत.)

ही भिंत ठाणेकर रोज बघतात आणि तिला जेल म्हणतात. पोर्तुगीजांनी 1730 मध्ये हा किल्ला बांधायला घेतला. तो पुरा व्हायच्या आतच, 1737 साली, मराठ्यांनी तो जिंकला. 1774 च्या शेवटी इंग्रज आले. आता आत मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे आपला कॅमेरा बाहेरच.

(दृश्य: फुटपाथवर उभ्या बाई, हातात वही, पेन्सिल.)

भिंतीचा कोपरा वहीत उतरवून घेणाऱ्या या बाई कला, स्थापत्य आणि साहित्याचा इतिहास यांवर लिहितात. कुठल्या विद्यापीठात पद नाही, कुठल्या वर्तमानपत्रात नोकरी नाही. दिवाळी अंक, रविवारची पुरवणी, एखाद्या प्रदर्शनाची पुस्तिका, जो मागेल त्याला त्या लिहून देतात. ग्रंथालयात सगळे त्यांना ताई म्हणतात. आपणही तेच म्हणू.

(दृश्य: मराठी ग्रंथसंग्रहालय. कपाटं, जुन्या बांधणीचे खंड.)

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. ते उभं करणाऱ्यांत पुढे होते विनायक लक्ष्मण भावे. वय तेव्हा विशी-बाविशीचं, पुढे धंदा मिठागरांचा. मराठी साहित्याचा पहिला पद्धतशीर इतिहास म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, ते ‘महाराष्ट्र सारस्वत’ याच भाव्यांचं. महानुभावांच्या सांकेतिक लिपीतल्या पोथ्या मराठी वाचकांपुढे आल्या, त्यातही त्यांचा वाटा होता. हे सगळं मिठाचे हिशेब सांभाळून. ठाण्यात बिनपगारी संशोधनाची परंपरा अशी जुनी आहे, आणि ताई तिच्यातल्याच.

त्यांचं टेबल खिडकीजवळचं. समोर 1882 च्या ठाणे गॅझेटिअरची प्रत, शेजारी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या नियतकालिकाच्या पहिल्या खंडातली काही पानं.

(दृश्य: वहीतलं पान, आकडेमोड. बोट एका ओळीवर थांबतं.)

1787 साली या किल्ल्यात नव्या कामासाठी पाया खणत होते. मातीतून ताम्रपट निघाले. शिलाहार राजा अरिकेसरी याचं दानपत्र. रामलोचन पंडितांनी त्यातला संस्कृत मजकूर उलगडून सांगितला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर कलकत्त्याला छापलं गेलं. ठाण्याच्या मातीतली वस्तू, वाचायची तर पत्ता कलकत्त्याचा.

दानपत्रात राजा ज्या लोकांना उद्देशून बोलतो, त्यांत श्रीस्थानकाचे, त्या काळच्या ठाण्याचे, रहिवासी आहेत. म्हणजे तुम्ही-आम्ही. तिथी कार्तिकी पौर्णिमा. शक 939. ताम्रपट कोरणाऱ्याने तो आकडा शब्दांतही दिला आहे: नऊशे चाळीसला एक कमी. आणि संवत्सर, पिंगल.

ताई छापलेल्या आकड्यावर विसंबत नाहीत. शकात बारा मिळवायचे: 951. साठने भागायचं. बाकी उरते 51. आता प्रभव, विभव, शुक्ल, असं पंचांगातल्या साठ नावांच्या यादीत मोजत जायचं. एक्कावन्नावं नाव पिंगल. वर्ष जुळलं. कार्तिक असल्याने शकात 78 मिळवले की इसवी सन 1017 येतं. हाच शक पौषाच्या उत्तरार्धातला किंवा माघ-फाल्गुनातला असता तर 79 मिळवावे लागले असते. ही आकडेमोड लेखात छापली जात नाही. आम्हाला मात्र ती दाखवायचीच होती.

(दृश्य: सेंट जेम्स चर्च, बाहेरून. मग पुन्हा भिंत, पावसात.)

हे सेंट जेम्स चर्च. 1825 मध्ये कलकत्त्याचा बिशप हेबर ठाण्यात आला आणि त्याच्या हस्ते याचं विधिपूर्वक अर्पण झालं. स्थापत्यावर लिहिणारा इथे खिडक्या, कमानी, मनोरा बघेल आणि पुढे जाईल. ताईंनी हेबरचं प्रवासवर्णन उघडलं. त्यात याच किल्ल्यातल्या एका कैद्याची हकिगत आहे. कैदी त्रिंबकजी डेंगळे, पेशव्यांचा कारभारी, बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाच्या आरोपावरून इथे ठेवलेला. पहारा गोऱ्या शिपायांचा. एका इंग्रज अधिकाऱ्याकडे एक मराठा मोतद्दार नोकरीला लागला. कैद्याच्या खिडकीखाली तो घोड्याला खरारा करी आणि गाणं म्हणत राही. पहारेकऱ्यांच्या लेखी ते नुसतं गुणगुणणं होतं. गाण्यात निरोप होता: झुडपांमागे तिरंदाज दबा धरून आहेत, झाडाखाली घोडा उभा आहे. घोडे पंचावन्न, माणसं चोपन्न. पंचावन्नावा स्वार चढला की दख्खनला पुन्हा बरे दिवस.

सप्टेंबर 1816 मध्ये त्रिंबकजी निसटला. पुढे 1817 चा पुणे करार, 1818 ला पेशवाई संपली.

हेबरने ते गाणं इंग्रजी पद्यात बसवलं आहे. त्यात त्याची स्वतःची कारागिरी किती, हा ताईंच्या लेखाचा खरा विषय. चर्चवर लिहायला घेतलेला लेख असा मोतद्दाराच्या गाण्यावर येऊन पोचला. संपादकांनी स्थापत्य मागितलं होतं, ही गोष्ट वेगळी.

(दृश्य: भिंतीलगत काही तरुण, ताई बोलताहेत. रहदारीचा आवाज.)

रविवारी कुणी गोळा झालं तर ताई त्यांना भिंतीच्या कडेने चालवतात. 19 एप्रिल 1910 ला इथे अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिलं गेलं, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. ताम्रपटाचं नाव काढलं की सगळे एकमेकांकडे बघतात. म्हणून ताई सुरुवात तिथूनच करतात, पिंगल संवत्सरापासून.

मानधनाचं विचाराल, तर दिवाळी अंकाचे पैसे फराळ संपल्यावर कधीतरी येतात. झेरॉक्सचा खर्च आधीच झालेला असतो.

(दृश्य: टेबल. छापील मजकुरावर लाल पेनाच्या रेघा.)

आत्ता त्या लेख कापताहेत. पुरवणीला दीड हजार शब्दच हवेत. चर्चच्या खिडक्या गेल्या, मनोरा एका ओळीवर आला. ताम्रपटाचे दोन परिच्छेद आणि मोतद्दार अजून शाबूत आहेत.