देवाच्या परडीतलं एक फूल

श्रोतेहो, नमस्कार. पूजेची फुलं काढून झाली असतील, तर परडीतलं जास्वंदीचं एक फूल उचला. एका फुलासाठी देव रागवायचा नाही. मात्र साधं, पाच पाकळ्यांचंच घ्या. गुच्छासारख्या फुलात पुंकेसरच, म्हणजे पराग देणारे तंतूच, पाकळ्या होऊन बसलेले असतात, त्यात काही उमगत नाही.

देठापाशी हिरवी वाटी दिसते, ती निदलांची. कळीपणी हिनेच आतलं सगळं झाकून धरलेलं असतं. आता पाकळ्या हळूच ओढा. पाचही एकदम सुटतील आणि मधला लांब दांडाही सोबत येईल, कारण ती पुंकेसरांची नळी पाकळ्यांना तळाशी चिकटलेली असते. नळीवरच्या पिवळ्या गाठी म्हणजे परागकोश. बोट लावलंत तर पूड लागेल. टोकाला पाच लाल मखमली ठिपके आहेत ना, त्या कुक्षी. पराग टिपायचं काम त्यांचं. नखाने नळी उभी चिरा, आत पांढरट दोरा सापडेल. तो कुक्षीवृंत. कुक्षीपासून खाली अंडाशयापर्यंतची वाट तीच.

अंडाशय मागे वाटीतच राहिलं, टोकदार दाण्याएवढं. बागेतल्या जास्वंदीला सहसा फळ धरत नाही, त्यामुळे त्याचं पुढे काय होतं ते पाहायला स्वयंपाकघरात जावं लागेल. भेंडी जास्वंदीच्याच कुळातली. ती आडवी चिरली की दिसणारे कप्पे अंडाशयाचे, आणि दाणे म्हणजे अंडाशयातल्या इवल्या बीजांडांच्या झालेल्या बिया. गोव्यातल्या जुवे बेटावरच्या सात शिरांच्या भेंड्याची चकती करून बघा, कप्पेही सातच भरतील. आमच्या घरी हे मोजण्याच्या नादात भाजी एकदा करपली आहे.

काजूने मात्र सगळा हिशेबच उलटवला. त्याच्या इवल्याशा गुलाबी फुलातलं अंडाशय वाढतं आणि त्याची होते आपण जिला काजूची बी म्हणतो ती, कवचासकट. खरं फळ तेच. आधी ही हिरवी बी पुरती मोठी होते, बोंडाचा तेव्हा पत्ताही नसतो. मग तिच्यामागचा फुलाचा देठ फुगू लागतो, पिवळा-तांबडा होतो, रसाने भरतो. फेणी आणि उर्राक ही गोव्याची मद्यं ज्या बोंडाच्या रसाची, ते बोंड म्हणजे हा फुगलेला देठ.