हॉस्टेलची कॉट, पाण्याची बादली आणि पहाटेची सॅम्पल्स : मेडिकलच्या मुलांची कंबर का धरते?

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ एमबीबीएस करणाऱ्यांसाठी आहे. फर्स्ट इयरपासून इंटर्नपर्यंत सगळ्यांसाठी. परीक्षा महिन्यावर आली की हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी जण कमरेवर हात ठेवून मेसला येताना दिसतो. रूममेट म्हणतो, "उसण भरली असेल, बाम चोळ." बाम चोळून तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण आठवडाभरात कंबर पुन्हा धरते. ती का धरते आणि त्यावर नेमकं काय करायचं, ते आज बघू.

(कॅमेरा बाजूने. कॉट पूर्ण दिसू द्या.)

हे बघा. लोखंडी कॉट, त्यावर मध्येच खोलगट झालेली कापसाची गादी. उशी भिंतीला लावली, पाठ उशीला टेकली, पाय लांब केले, लॅपटॉप मांडीवर. पहिली दहा मिनिटं मस्त वाटतं. मग उशी खाली सरकते, बसणं पुढे घसरतं, आणि कमरेला जो आतला बाक असतो तो आधी सपाट होतो, मग उलटा. अर्ध्या तासाने भिंत सुटते. मांडी घालून, पुस्तक समोर गादीवर ठेवून, त्यावर ओणवं व्हायचं. रात्री दीडपर्यंत हेच चालतं.

आता या ओणव्या बैठकीत आत काय होतं ते नीट ऐका, कारण सगळी मेख इथेच आहे. माणूस पूर्ण वाकला की पाठीचे उभे स्नायू काम थांबवतात. ईएमजी, म्हणजे स्नायूंची विद्युत हालचाल टिपणारं यंत्र, लावलं तर रेघ जवळजवळ सपाट दिसते. म्हणूनच असं बसल्यावर आराम वाटतो. पण भार कुठे जात नाही, तो लिगामेंट (हाडांना जोडणारे पट्टे) आणि चकतीच्या (दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क) मागच्या भागावर येतो. हे टिश्यू रबरासारखे लगेच पूर्ववत होत नाहीत, हळूहळू सैल पडत जातात. याला क्रीप म्हणतात. कॅनडातले स्टुअर्ट मॅकगिल यांनी १९९२ साली लोकांना २० मिनिटं असं पूर्ण वाकवून बसवलं आणि मग मोजलं. सरळ झाल्यावर पहिल्या दोन मिनिटांत साधारण निम्मा ताठपणा परत आला. उरलेला सैलपणा अर्ध्या तासानंतरही थोडा शिल्लकच होता. ही गोष्ट २० मिनिटांची. तुम्ही अडीच तास बसता.

आणि त्यानंतर काय करता? उठता, पेंग उडवायला अंघोळ करावी म्हणता, आणि कॉरिडॉरच्या टोकाच्या नळाखालून बादली उचलता. २० लिटरची बादली काठोकाठ भरली की २० किलो झाले. उसण भरते ती नेमकी याच क्षणी, आणि दोष सगळा बादलीला जातो.

१९९९ साली जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या चकतीत दाब मोजणारा सेन्सर बसवला आणि त्याला दिवसभर वेगवेगळी कामं करायला लावली. माणूस एकच होता, हे लक्षात ठेवा, पण आकडे बोलके आहेत. उभं राहिल्यावर दाब ०.५ मेगापास्कल. टोकापर्यंत पुढे वाकून बसल्यावर ०.८३. पाठ गोल करून २० किलो उचलल्यावर २.३. तेच वजन गुडघे वाकवून, अंगाजवळ धरून उचललं तर १.७. आणि खुर्चीत मागे आरामात रेलून बसल्यावर? ०.२७. ताठ बसण्यापेक्षाही कमी.

म्हणून "ताठ बस, ताठ बस" या सल्ल्याशी आमचं जमत नाही. दिवसभर टिकेल अशी एक आदर्श बैठक नसतेच. मिलिटरीतल्यासारखं ताठ बसलेला मुलगासुद्धा तासाभराने दमतो आणि पुढे कोसळतो. कंबर बिघडते ती एकाच स्थितीत तासन्‌तास राहिल्याने, त्यातही पूर्ण वाकलेल्या स्थितीत. तुमची कंबर नाजूक नाही. तिला फक्त बदल हवा असतो.

आता टेबलाकडे येऊ. हॉस्टेलचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं आणि खुर्ची प्लास्टिकची, मागे खोल. तुमची उंची कमी असेल तर मागे टेकल्यावर पाय लोंबकळतात. पाय टेकवायला पुढे सरकलात की पाठ सुटली. पायाखाली जुन्या गाइडांचा गठ्ठा किंवा दोन विटा ठेवा, गुडघे खुब्याच्या पातळीला येतील इतपत. अंघोळीचा टॉवेल घट्ट गुंडाळून, दोन टोकांना रबरबँड लावून पॅन्टच्या पट्ट्याच्या जरा वर ठेवा. त्याची जाडी ८ ते १० सेंटिमीटर पुरे. चूक होते ती अशी की हा टॉवेल बरगड्यांपर्यंत वर चढवला जातो. मग कंबर तशीच राहते आणि छाती मात्र पुढे येते.

पुस्तक टेबलावर आडवं ठेवू नका. जाड बॉक्स फाइल मागे लावून ते तिरकं करा, म्हणजे पान डोळ्यांकडे येतं आणि तुम्हाला पानाकडे जावं लागत नाही. लॅपटॉपवर लेक्चर बघताना चार जाड पुस्तकांवर लॅपटॉप ठेवा आणि खुशाल मागे रेला. नोट्स काढायच्या असतील तर एक साधा वेगळा कीबोर्ड घ्या. खोलीत एवढी एकच खरेदी करा, असं आम्ही सांगू. महागडी खुर्ची नंतर कधी जमली तर बघा.

आणि दर अर्ध्या तासाने उठायचं. मोबाइलचा अलार्म दोन दिवसांत बंद केला जातो, हे ठाऊक आहे. म्हणून उठणं अभ्यासालाच बांधा. २५ एमसीक्यू (पर्यायी उत्तरांचे प्रश्न) झाले की उठा, कपाटाच्या कप्प्यावर पुस्तक ठेवून पुढचे २५ उभ्याने सोडवा. पाण्याची बाटली एक लिटरची ठेवू नका, अर्ध्या लिटरची ठेवा. भरायला जावंच लागेल. उठल्यावर दोन्ही तळवे कमरेवर ठेवून हळूच पाच-सहा वेळा मागे वाका. बादली, सॅक, गॅस सिलिंडर, काहीही उचलायचं असेल तर आधी पाच मिनिटं कॉरिडॉरमध्ये चाला. आणि बादली अर्धीच भरा, दोन खेपा करा.

डिसेक्शन हॉलबद्दल थोडक्यात: टेबलाच्या खालच्या आडव्या दांडीवर किंवा स्टुलाच्या पायरीवर एक पाय ठेवा, दर काही मिनिटांनी पाय बदला, आणि मॅन्युअल वाचणारा व कापणारा यांची जागा आलटूनपालटून घ्या.

वॉर्डात मात्र जरा थांबायला हवं. इंटर्नची सकाळ बघा. ड्यूटी रूममध्ये जेमतेम दोन तास झोप झाली, पहाटे साडेपाचला सिस्टरने हाक मारली, उठून सरळ उपाशीपोटीची सॅम्पल्स. वॉर्डात तीस कॉट, प्रत्येक कॉटवर ओणवं होऊन शीर शोधायची. कंबरेच्या दृष्टीने चोवीस तासांतली ही सगळ्यात वाईट वेळ. रात्री आडवं असताना चकती पाणी शोषून घेते आणि फुगते. म्हणूनच सकाळी आपली उंची एक-दीड सेंटिमीटर जास्त भरते. फुगलेली चकती वाकवली की तिच्यावर ताण कितीतरी जास्त पडतो. अमेरिकेतल्या स्नूक यांनी १९९८ साली दाखवलं होतं की जुनी कंबरदुखी असलेल्यांनी सकाळचे पहिले दोन तास वाकणं टाळलं, तर एवढ्यानेच त्यांच्या दुखण्याचे दिवस कमी झाले.

सॅम्पल्स तर टाळता येत नाहीत. मग काय करायचं? हाक आल्यावर आधी वॉर्डाच्या दोन फेऱ्या मारा, बल्ब (रक्त भरायच्या नळ्या) आणि लेबलं तेव्हाच लावून घ्या. स्टूल बरोबर सरकवत न्या आणि बसून रक्त काढा. सरकारी वॉर्डात स्टूल मिळवणं हीसुद्धा एक मोहीम असते, पण रात्रीच एक बाजूला काढून ठेवता येतं. बसू शकणाऱ्या पेशंटला उठवून बसवा, हात उशीवर ठेवा. हँडल फिरवून कॉट वर होत असेल तर वर घ्या. आणि वाकावंच लागलं तर एक पाय पुढे टाका, मांडी कॉटच्या कडेला टेकवा, आणि कमरेतून न वाकता खुब्यातून वाका. खुब्यातून म्हणजे कसं?

(उभं राहून, बाजूने.)

दोन्ही हातांच्या कडा जांघेच्या घडीत ठेवा. आता बसणं मागे न्या, जणू मागचं दार ढुंगणाने ढकलताय. हात घडीत चिमटले गेले पाहिजेत, पाठ फळीसारखी सरळ राहिली पाहिजे. जमलं की टूथब्रश करताना, बेसिनवर तोंड धुताना, सगळीकडे हेच करा.

ओटीमध्ये (ऑपरेशन थिएटरमध्ये) टेबलाची उंची सर्जनच्या कोपरावरून ठरते, रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरणाऱ्याच्या नाही. बुटके असाल तर स्क्रब होण्याआधीच फूटस्टेप मागून घ्या. उंच असाल तर पाय फाकवून उभे राहा, म्हणजे खालून उंची कमी होते. गुडघे मागे लॉक करू नका, कोपर अंगाला चिकटवून ठेवा. पेशंट ट्रॉलीवर घेताना आधी दोन्हींचे ब्रेक, मग चादर, मग चार माणसं, मग एक-दोन-तीन. मामा (वॉर्डबॉय) यायच्या आत एकट्याने ओढाओढ करू नका.

व्यायामाला वेळ नाही म्हणता. रोज दहा मिनिटं काढा, चटईवर, कॉटवर नाही, आणि झोपेतून उठल्याउठल्या नाही. बर्ड-डॉग: रांगण्याच्या स्थितीत उजवा हात पुढे, डावा पाय मागे, १० सेकंद. कमरेवर पाण्याची बाटली आडवी ठेवा, घरंगळली नाही तर बरोबर चाललंय. पाय खुब्याच्या वर गेला की कंबर खाली ढळते, हीच चूक सगळे करतात. साइड प्लँक: कोपर खांद्याखाली, सुरुवातीला गुडघे दुमडून, १० सेकंद. कर्ल-अप: पाठीवर पडा, एक गुडघा दुमडलेला, दोन्ही तळवे कमरेखाली, आणि फक्त डोकं व खांदे दोन बोटं वर. सिट-अप नको. प्रत्येकाची आधी सहा आवर्तनं, मग चार, मग दोन. श्वास रोखू नका.

याशिवाय चालणं. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर केलेली वॉकबॅक नावाची चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. नुकतीच कंबरदुखी बरी झालेल्या लोकांना टप्प्याटप्प्याने आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. न चालणाऱ्यांमध्ये दुखणं परत यायला लागलेल्या दिवसांचा मध्यक (मीडियन) ११२ होता, चालणाऱ्यांमध्ये २०८. फोनवर घरी बोलताना कॉलेजच्या ग्राउंडला फेऱ्या मारल्या तरी अर्धा तास होतो.

झोपेबद्दल घरून एक सल्ला हमखास येतो: फळीवर झोप, जमिनीवर झोप. स्पेनमध्ये कोवाक्स यांनी ३१३ जणांवर केलेला अभ्यास २००३ साली लॅन्सेटमध्ये आला, त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर दुखणं जास्त कमी झालं. तेव्हा खोलगट गादीखाली प्लायवूड टाका, पण गादी काढू नका. सलग जागरणं झाली की दुखणं सहन करण्याची ताकदच कमी होते. त्यात परीक्षेचा ताण आणि टपरीवरची सिगरेट. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये कंबरदुखी जास्त आढळते, हे अनेक अभ्यासांत दिसलंय.

कंबर धरलीच तर? शेक घ्या आणि जमेल तितकं हिंडतं राहा. चार दिवस कॉटवर पडून राहिल्याने बरं लवकर होत नाही. पट्टा बांधून वॉर्डात हिंडू नका, ब्रिटनच्या नाइस या उपचारांचे नियम सुचवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना पट्टा देऊच नका म्हणतात. कॅज्युअल्टीत मित्राकडून डायक्लोचं (वेदनाशामक) इंजेक्शन मारून घेण्याची सवय सोडा. पोटात अल्सर किंवा किडनीचा त्रास नसेल तर जेवणानंतर, थोडे दिवस, तोंडाने गोळी, तीही विचारून. आणि ओळखीने फुकट एमआरआय करून घेऊ नका. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांचे एमआरआय बघितले तर साधारण ३७ टक्क्यांत चकती झिजलेली आणि ३० टक्क्यांत बाहेर आलेली दिसते. रिपोर्टवर ते शब्द वाचले की मुलं स्वतःला "मणक्यात गॅप आहे" म्हणायला लागतात आणि वाकायलाच घाबरतात.

पण काही लक्षणं तुम्ही दुसऱ्याच्या केसपेपरवर लगेच ओळखता आणि स्वतःत दिसली की उडवून लावता. दुखणं हळूहळू सुरू झालेलं, तीन महिन्यांच्या वर, पहाटे जाग आणणारं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेपण, आणि हिंडल्यावर बरं वाटतं, आराम केल्यावर नाही? विशीत हे अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याच्या सांध्यांना सूज आणणारा आजार, असू शकतं. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, एकाच मणक्यावर टिचकी मारल्यावर कळ? तुम्ही टीबी वॉर्डात पोस्टिंग केलेलं आहे, मणक्याचा टीबी डोक्यात येऊ द्या. पायाचा अंगठा वर उचलता येत नसेल, पाय फरपटत असेल तर त्याच दिवशी दाखवा. आणि लघवी तुंबली किंवा बसण्याच्या जागेची संवेदना गेली, तर कितीही वाजलेले असोत, सकाळची वाट न बघता तडक कॅज्युअल्टी.

बाकीच्यांनीसुद्धा कॉरिडॉरमध्ये चालता चालता सरांना विचारू नका. तिथे कोणी तुमची एसएलआर (आडवं झोपवून सरळ पाय उचलून बघणं) करत नाही, अँकल जर्क (घोट्यामागे हातोडी मारून पाय उडतो का ते) बघत नाही. ऑर्थोच्या ओपीडीत जा, केसपेपर काढा, नंबर लावा आणि टेबलावर आडवे व्हा.